कुंडल रोडचा माळ आणि लंडनचा खलिता

व्यापारधंद्यांत सरकारनें कितपत हात घालावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा ग्रंथांच्या आधारें सोडविला जातो. कोणी कौटिल्याचें अर्थशास्त्र उघडतो, कोणी ॲडम स्मिथचा दाखला देतो, कोणी रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र पुढें करतो. आणि ज्याला जें हवें असतें तें त्या त्या ग्रंथांत बहुधा सांपडतेंही. आज ग्रंथ बाजूस ठेवून एका सालाची हकीकत सांगावी असा विचार आहे. तें साल १९१०. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत दक्षिण महाराष्ट्रांतील एका ओसाड माळावर नांगरांचा एक लहानसा कारखाना येऊन उतरला, आणि त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत मद्रास सरकारच्या उद्योगखात्याविषयीं लंडनहून एक खलिता निघाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहींएक संबंध नव्हता. माळावरच्या माणसांना खलित्याची वार्ता नव्हती, आणि खलिता लिहिणाऱ्यांना तो माळ पृथ्वीच्या पाठीवर कोठें आहे हेंही ठाऊक नसावें. तरी पण एकाच प्रश्नाचीं तीं दोन उत्तरें होतीं, आणि दोन्ही उत्तरें एका वर्षांत शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येतात, हा इतिहासाच्या वाचकाला मोठाच लाभ आहे.

माळावरच्या कारखान्याची हकीकत थोडी मागून सुरू करावी लागेल. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांवकडील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकला शिकावी म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु कांहीं रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखतां येत नाहींत असें ध्यानांत आलें, तेव्हां रंग सोडून ते यंत्रांच्या आलेखनाकडे वळले, आणि पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. नोकरी करतां करतां मुंबईस सायकली विकत घ्यावयाच्या व त्या बेळगांवीं थोरले बंधु रामूअण्णा यांच्याकडे विक्रीस धाडावयाच्या, असा एक जोडधंदा त्यांनीं काढला होता. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी त्या सायकलींच्या दुकानाची; तिचें साल १८८८ मानतात. पुढें संस्थेंत बढतीची वेळ आली तेव्हां ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, आणि लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगांवास परतले. त्या बढतीचा योग आला असता तर महाराष्ट्राला एक चांगला आलेखन-शिक्षक मिळाला असता, इतकेंच.

बेळगांवास सायकलींच्या जोडीला त्यांनीं कडबा कापण्याचीं यंत्रें करावयास घेतलीं, व मागोमाग लोखंडी नांगर. आपला जुना लांकडी नांगर जमीन फोडतो. पण खालची माती वर आणून ती उलटीपालटी करणें त्याला साधत नाहीं, आणि हरळीसारख्या खोल मुळांच्या गवतापुढें तो हात टेकतो. लोखंडी नांगराची वळलेली पाटी मातीचा पट्टा उचलून पालथा घालते. विलायतेंत असे नांगर केव्हांच रूढ झाले होते. लक्ष्मणरावांनीं ते येथें तयार केले खरे, पण घ्यावयास कोणी येईना. लोखंडाच्या स्पर्शानें जमिनीस विष चढतें, असा शेतकऱ्यांचा समज होता. ते पहिले नांगर विकले जाण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं.

ही दोन वर्षें चरित्रग्रंथांत एका ओळींत संपतात. पण श्रोतेहो, ज्यानें कधीं दुकान थाटलें असेल त्यानें त्यांचा हिशेब मनांत करून पाहावा. लोखंडाचे पैसे रोख गेलेले, कोळसा जळून गेलेला, मजुरी ठरल्या दिवशीं द्यावयाची, आणि तयार माल दाराशीं गंजत उभा! मोठ्या गिरणीचा माल पडून राहिला तर भागीदारांची सभा भरते; लहान कारखानदाराचा माल पडून राहिला तर घरांतलें दाणेपाणी आटतें. बहुतेक लहान धंदे अशाच वेळीं मरतात, आणि ते कांहीं सरकारच्या दुष्टाव्यानें मरत नाहींत. गांठीं चार महिन्यांचें भांडवल असून बारा महिन्यांचा धीर धरावा लागतो, म्हणून ते मरतात. किर्लोस्करांचा धंदा तगला, याचें एक कारण असें दिसतें कीं तो एकट्या नांगरावर उभा नव्हता. सायकली होत्या, कडब्याचीं यंत्रें होतीं, बांधकामाचीं कामेंही ते अंगावर घेत. शेतकरी एका पिकावर भरंवसा ठेवीत नाहीं, ज्वारींत तूर टाकतो, त्यांतलाच हा प्रकार.

नांगर खपूं लागल्यावर अडचण दुसऱ्या बाजूनें आली. बेळगांवच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळें तेथें कारखाना वाढविणें दुरापास्त झालें. नगरपालिकेला नांगराशीं वैर होतें असें कोणी समजूं नये. तिच्यापुढें शहराचा नकाशा असतो. त्या नकाशावर भट्टी म्हणजे धूर, आणि ओतकाम म्हणजे शेजाऱ्यांच्या तक्रारी. तिच्या दृष्टीनें तिचा निर्णय कदाचित् रास्तही असेल. परंतु भट्टी उचलून दुसरीकडे नेणें म्हणजे बिऱ्हाड बदलणें नव्हे, हें समजण्याची तिला गरज पडत नाहीं, आणि न समजल्याबद्दल तिचें कांहीं बिघडतही नाहीं. धंद्याचा आणि सत्तेचा पहिला संबंध बहुधा असाच येतो: सत्ता वैरी नसते, ती दुसरीकडे पाहात असते.

त्याच सुमारास लक्ष्मणरावांचें औंध संस्थानांत एका मोठ्या मंडपाच्या बांधणीच्या निमित्तानें जाणेंयेणें होतें. औंधच्या गादीवर १९०९ सालीं भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि आले होते. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रें काढणारे राजे म्हणून त्यांचें नांव पुढें सर्वतोमुखीं झालें. संस्थान म्हणाल तर अवघ्या बहात्तर गांवांचें, तींही सलग नव्हेत. सातारा, सांगली, विजापूर अशा तीन बाजूंना विखुरलेलीं. बेळगांवची अडचण कानीं आल्यावर त्यांनीं लक्ष्मणरावांस आपल्या हद्दींत येण्याचें आमंत्रण दिलें. कुंडल रोड या रेल्वेस्टेशनाजवळची सुमारें ३२ एकर माळजमीन दिली, आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० च्या मार्चमध्यें कारखाना तेथें येऊन दाखल झाला. त्या वेळीं माळावर निवडुंग आणि साप यांखेरीज वसति नव्हती.

दहा हजार रुपये ही रक्कम आज कोणास हंसण्यासारखी वाटेल. बहात्तर गांवांच्या संस्थानाला ती हंसण्यासारखी नव्हती. पण मला त्या रकमेपेक्षां जागेची निवड महत्त्वाची वाटते. लोखंड बाहेरून यावयाचें आणि जड नांगर बाहेर जावयाचे. अशा धंद्याला रेल्वेच्या रुळांपासून चार मैल लांबची सुपीक जमीन फुकट मिळाली असती तरी ती महागच पडली असती. दिलेली जमीन पिकाच्या उपयोगाची नव्हती, म्हणून कोणा कुळाच्या पोटावर पाय आला नाहीं; ती रुळांला लागून होती, म्हणून कारखानदाराला ती सोन्याची झाली. संस्थानाजवळ जें विपुल होतें आणि ज्याची संस्थानाला किंमत नव्हती, तेंच नेमकें त्यानें दिलें. आणि दिल्यावर काय केलें, हें त्याहून पाहण्यासारखें आहे. कारखान्याचें संस्थानी खातें झालें नाहीं. कोणता माल काढावा, त्याची किंमत काय ठेवावी, माणूस कोणता घ्यावा, हे सर्व विचार किर्लोस्करांच्याच हातीं राहिले. देऊन बाजूला होणें हें देण्याइतकेंच कठीण असतें. दात्याला सल्ला देण्याचा मोह आवरत नाहीं.

त्या माळावर आलेल्या मंडळींची नांवें पाहिलीं म्हणजे लक्ष्मणरावांच्या व्यवस्थेची कल्पना येते. लहान धंद्याचा मालक हा स्वतःच पहिला कारागीर, पहिला हिशेबनीस आणि पहिला विक्रेता असतो. आणि धंदा वाढला तरी यांतलें एकही काम त्याच्यानें सुटत नाहीं. मी असे कित्येक मालक पाहिले आहेत, कीं पन्नास माणसें हाताखालीं असतां टपालाचीं तिकिटें स्वतः मोजीत बसतात आणि वर सांगतात, माझ्याशिवाय येथें पान हालत नाहीं! पान हालत नाहीं हें खरें असतें; तीच त्यांची शोकांतिका. कुंडल रोडला निराळें झालें. वसाहतीची सारी व्यवस्था रामूअण्णांनीं पाहावी, यंत्रकाम शंभुराव जांभेकरांनीं, जमाखर्च मंगेशराव रेग्यांनीं, आणि बाहेरचें पडेल तें काम के. के. कुलकर्ण्यांनीं, अशी वांटणी झाली. अनंतराव फळणीकर म्हणून एक गृहस्थ होते. शाळेच्या परीक्षांत त्यांना यश आलें नव्हतें, पण यंत्रांपुढें त्यांची बुद्धि चालली आणि ते कल्पक इंजिनियर झाले. पहाऱ्यावर कोण, तर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही तुरुंगांतून शिक्षा भोगून आलेले. याच सुमारास, १९११ सालीं, जमातीच्या जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविण्याचा कायदा सरकार सबंध हिंदुस्थानला लागू करीत होतें. सरकारच्या दप्तरांत जे संशयित, त्यांच्या हातीं कारखान्याच्या किल्ल्या होत्या, आणि तो विश्वास वायां गेला नाहीं.

ही गुणग्राहकता केवळ भूतदया नव्हे. आडरानांत कारखाना काढणाऱ्यास शिकलेसवरलेले कारागीर आयते मिळत नाहींत. आसपासच्या खेड्यांतलीं माणसें घेऊन त्यांच्यांतूनच ते घडवावे लागतात. शिवाय नांगर विकल्यानें व्यवहार संपत नाहीं. फाळ झिजतो, तो बदलावा लागतो, आणि बदललेला फाळ जुन्याच्या जागीं बिनबोभाट बसला पाहिजे. म्हणजे आजचें माप आणि पांच वर्षांनंतरचें माप एकच राहिलें पाहिजे. ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ बसेना झाला तर शेतकरी एकदां शिव्या देईल. दुसऱ्यांदां तो शिव्याही देणार नाहीं, लांकडी नांगराकडे परत जाईल. गिऱ्हाइकांशीं बोलणें चालू राहावें म्हणून १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ नांवाचें एक पत्रक शंकरराव किर्लोस्करांनीं सुरू केलें. त्याचेंच पुढें ‘किर्लोस्कर’ मासिक झालें आणि त्याला ‘स्त्री’ व ‘मनोहर’ हीं भावंडें मिळालीं. नांगरांच्या जाहिरातींतून मराठी वाङ्मयाचें एक दालन उघडावें, असें कोणत्याही अर्थशास्त्र्याच्या भाकितांत बसलें नसतें.

आतां लंडनच्या खलित्याकडे वळूं. मद्रासेस आल्फ्रेड चॅटर्टन नांवाचे इंजिनियरिंगचे एक प्राध्यापक होते. १८९८ सालीं त्यांनीं तेथील सरकारी कलाशाळेंत ॲल्युमिनियमचीं भांडीं करण्याचा प्रयोग आरंभिला. हा धातु नवा. तो हातीं घ्यावयास खाजगी भांडवल धजत नव्हतें. सरकारी शाळेनें भांडीं करून दाखविलीं, तीं विकून दाखविलीं, आणि धंदा पायांवर उभा राहिल्यावर १९०३ सालीं तो एका खाजगी कंपनीच्या स्वाधीन केला. मग चॅटर्टन क्रोम पद्धतीनें कातडें कमावण्याकडे वळले. हातमागांत सुधारणा, विहिरींवर तेलाचीं इंजिनें बसवून पाणी उपसणें, अशींही कामें त्यांनीं हातीं घेतलीं. १९०८ सालीं उटकमंडला औद्योगिक परिषद भरली आणि मद्रास सरकारनें स्वतंत्र उद्योगखातें काढण्याचें ठरविलें. त्याबरोबर तेथील युरोपियन व्यापाऱ्यांनीं हांकाटी केली, कीं सरकार आमच्याशीं आमच्याच करांच्या पैशावर स्पर्धा करतें.

त्या वेळीं भारतमंत्री होते लॉर्ड मोर्ले. कॉब्डन आणि ग्लॅडस्टन यांचे हे चरित्रकार. खुल्या व्यापाराचें तत्त्व त्यांच्या अंगीं मुरलेलें. २९ जुलै १९१० च्या खलित्यांत त्यांनीं मद्रासच्या बेतास नकार दिला. सुधारलेलीं साधनें व पद्धति लोकांस शिकविण्यावर सरकारनें खुशाल खर्च करावा, परंतु धंदा चालवून तो फायद्याचा आहे हें दाखविणें खाजगी व्यापाऱ्यांवर सोपवावें, असा त्यांचा आशय होता.

मोर्लेसाहेबांची भूमिका सर्वस्वीं टाकाऊ होती असें मला वाटत नाहीं. सरकारी दुकान शेजारीं उभें राहिलें तर खाजगी दुकानदाराची झोंप उडते, आणि ती उडावी असें कारणही असतें. सरकारला तोट्याची भीति नसते. परंतु या तत्त्वनिष्ठेला एक मोठें छिद्र होतें. हिंदुस्थानांत येणाऱ्या विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात बसवितांना १८९६ सालीं याच राज्यव्यवस्थेनें येथल्या गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर लादला होता. कारण काय, तर लँकेशायरला विषमता वाटूं नये! तो कर १९२५ च्या अखेरीपर्यंत चालला. कर लादतांना सरकार धंद्यांत पडलें असें होत नाहीं, आणि शिकविण्यासाठीं भट्टी पेटविली कीं मात्र तें धंद्यांत पडतें, हा न्याय मद्रासच्या चांभाराला किंवा कोष्ट्याला कसा पटावा? सरकारी माल रेल्वे आणि इतर खात्यांसाठीं बव्हंशीं लंडनमार्फत खरेदी होत असे, ही गोष्ट निराळीच. सर्वांत मोठें गिऱ्हाइक परक्या बाजारांत जावें, आणि वर अलिप्ततेचें तत्त्व सांगावें!

चॅटर्टन १९१२ च्या सुमारास म्हैसूर संस्थानांत गेले. खलित्याची सत्ता तेथें इतकी कडक नव्हती.

मग महायुद्ध आलें. १९१४ नंतर विलायती माल येईनासा झाला, लष्कराला मात्र येथून सर्व कांहीं हवें. आणि जें चार वर्षांपूर्वीं तत्त्वाला सोडून होतें तें एकाएकीं निकडीचें झालें. १९१६ सालीं सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालीं औद्योगिक कमिशन नेमण्यांत आलें. त्याच्या सभासदांत चॅटर्टनही होते, आणि पंडित मदनमोहन मालवीयही. मालवीयांनीं आपली निराळी टिपणी जोडली. १९१८ च्या अहवालानें सरकारनें उद्योगांत पुढाकार घ्यावा, देशांतच खरेदी करावी, असा सल्ला दिला. १९१९ च्या सुधारणांनीं उद्योगखातें प्रांतिक मंत्र्यांच्या हातीं आलें. तिजोरी मात्र त्यांच्या हातीं आली नाहीं. जेवणाचें आमंत्रण द्यावें आणि पान मांडूं नये, तशांतली ही गोष्ट.

युद्धाच्या त्याच काळांत, १९१६ सालीं, औंध संस्थानाच्याच आश्रयानें कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कांचकारखाना निघाला आणि त्या जागेस ओगलेवाडी हें नांव पडलें. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील मराठी घरांत इतका रुळला कीं कित्येक पिढ्या त्याच्याच उजेडांत शिकल्या. तळेगांवचा पैसाफंडाचा कांचकारखाना याआधींचा, १९०८ चा. अंताजी दामोदर काळे यांनीं घरटीं एकेक पैसा जमवून त्याचा पाया घातला. तेथें ना राजा होता ना सरकार. भांडवलाचा हाही एक मार्ग होता, पण पैसा पैसा गोळा करण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं, त्यांच्या पायांना विचारावें कीं तो किती लांबचा होता.

औंधचें इतकें कौतुक केल्यावर त्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. लक्ष्मणरावांना जमीन मिळाली ती राजाच्या मर्जीनें; तिच्यावर त्यांचा हक्क नव्हता. दुसरा एखादा तितकाच होतकरू लोहार औंधच्या वाड्याबाहेर ताटकळत बसून परत गेला असेल, तर त्याचें नांव कोणत्याही बखरींत नाहीं. मंडपाचें काम नसतें, भेट पडली नसती, राजा कलांची आवड नसलेला असता, तर हा माळ माळच राहिला असता. मर्जी लवकर पावते, आणि लवकर फिरते; नियम उशीरा पावतो, पण दुसऱ्यालाही पावतो. मद्रासनें १९२२ सालीं उद्योगांना कर्जें देण्याचा कायदाच केला, तो या दृष्टीनें औंधच्या देणगीहून वरचढ म्हणावा लागेल, मग त्यांतून झालेलें काम कितीही थोडें असो. खुद्द बाळासाहेबांनाही मर्जीच्या राज्याची ही खोट उमगली असावी. महात्मा गांधींच्या सल्ल्यानें १९३९ सालीं त्यांनीं प्रजेस राज्यघटना दिली, कारभार गांवपंचायतींच्या पायावर उभा केला, आणि स्वतःच्या खर्चालाही मर्यादा घालून घेतली.

आणखी एक गोष्ट ओझरती सांगतों. १९२४ सालीं सरकारनें परदेशी पोलादावर संरक्षक जकात बसविली, आणि देशी पोलादाचा मोठा कारखाना तगला. ती गरजेची होती. परंतु पोलाद हा ज्याचा पक्का माल त्याला जी जकात ढाल होते, तीच पोलाद ज्याचा कच्चा माल त्याला भुर्दंड होते. नांगर, मोटा, पेट्या करणारे हजार लहान कारखानदार कोणत्याही कमिशनपुढें साक्षीस जात नाहींत. त्यांना कामांतून सवड नसते. सरकार ज्याचें गाऱ्हाणें ऐकतें त्याला मदत करतें, आणि गाऱ्हाणें मांडावयास वकील लागतो.

इकडे माळावर उंसाचे चरक, पंप, भुईमूग फोडण्याचीं यंत्रें, लोखंडी सामान असा माल निघत राहिला. १९२० सालीं मर्यादित कंपनी झाली. निवडुंगाच्या जागीं बागा आल्या. मग ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा खून झाला, आणि त्यानंतरच्या दिवसांत दक्षिण महाराष्ट्रांत ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. त्यांत किर्लोस्करवाडीचा कारखाना जळाला. जुनें संस्थान मावळत होतें, नवी सत्ता अजून यावयाची होती. ८ मार्च १९४८ रोजीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें. राखेंतून यंत्रें उपसून कारखाना पुन्हां उभा करण्यांत आला. बाळासाहेब १९५१ सालीं गेले, लक्ष्मणराव १९५६ सालीं. कारखान्यांत आजही पंप तयार होतात. कुंडल रोड हें नांव मात्र रेल्वेच्या वेळापत्रकांत शोधूं नये. स्टेशनाच्या पाटीवर फार दिवसांपासून ‘किर्लोस्करवाडी’ असें लिहिलेलें आहे.